सर्व्हरवर विंडोज की लिनक्स? आधी कामांची यादी काढा

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. ४० माणसांची कंपनी. एक जुना सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २०१६. डोमेन (सगळ्या पीसींच्या लॉगिनचं एकच केंद्र), शेअर फोल्डर, प्रिंटर आणि एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर चालणारं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, सगळं त्याच एका मशीनवर. शेजारी आणखी जुनं एक मशीन, त्यावर सेंटओएस ७ (लिनक्सचा एक मोफत प्रकार) आणि पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं ग्राहकांसाठीचं पोर्टल. सांभाळायला एकच माणूस, आणि त्याचा हात विंडोजवर बसलेला. आता दोन कोटेशनं आली आहेत. एक म्हणतो, सगळं विंडोज सर्व्हर २०२५ वर न्या. दुसरा म्हणतो, सगळं लिनक्सवर न्या, परवान्याचा खर्च शून्य. तुमचा प्रश्न, यातलं बरोबर कोण?

माझ्या मते दोघंही उलट्या टोकाने सुरुवात करताहेत. गेली १८ वर्षं मी छोट्या आणि मध्यम कंपन्यांचे सर्व्हर बसवते आणि सांभाळते. या काळात ज्या निवडी पुढे महागात पडल्या, त्या बहुतेक सगळ्या ‘आधी ऑपरेटिंग सिस्टीम, मग बाकीचं’ अशा क्रमाने झालेल्या होत्या. क्रम उलटा हवा. आधी कोणतं काम चालवायचं आहे ते, मग ते सांभाळणारे हात कोणते, मग सपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत आहे ते. हे तीन रकाने भरले की निवडायला फारसं काही उरत नाही.

तारखांपासूनच बघू, कारण तुमच्या बाबतीत तिथेच एक गोष्ट दोन्ही कोटेशनांतून निसटली आहे. विंडोज सर्व्हर २०१६ चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतो. सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ लाच संपला. म्हणजे सगळे ज्या मशीनबद्दल बोलताहेत ते ऑफिसच्या आत, फायरवॉलच्या मागे आहे. आणि ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही ते थेट इंटरनेटला उघडं आहे, सुरक्षेचे पॅच न मिळता. नवा सर्व्हर आला की बघू, असं पोर्टलच्या बाबतीत म्हणू नका. काम तिथून सुरू करा. त्याचा तपशील पुढे देते.

आता ऑफिसच्या आतलं काम. ४० विंडोज पीसी, त्यांचं लॉगिन, ग्रुप पॉलिसी (सगळ्या पीसींना एकाच जागेवरून लागणाऱ्या सेटिंग), कोणत्या विभागाला कोणतं फोल्डर दिसावं याचे नियम, आणि एसक्यूएल सर्व्हरवरचं अकाउंटिंग. हे विंडोज सर्व्हरवरच ठेवा, असं मी निःशंकपणे सांगेन. हे डोमेन चालवणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० पासून आहे. तिच्यात काय बिघडतं आणि ते कसं दुरुस्त करायचं, हे तुमच्या माणसाला आज माहीत आहे. ही माहिती ही तुमच्या कंपनीची मिळकत आहे, ती कोटेशनच्या बेरजेत दिसत नाही एवढंच.

लिनक्सवर डोमेन चालत नाही असं मात्र नाही. सांबा हे विंडोजचं फाइल शेअरिंग आणि डोमेन लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. डिसेंबर २०१२ मध्ये सांबा ४.० आलं तेव्हापासून लिनक्स मशीन ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, होऊ शकतं, आणि लिनक्समध्ये मुरलेली टीम असेल तर ते चांगलं चालतं. पण खाचाखोचा आहेत. ग्रुप पॉलिसीच्या फाइली ज्या सिसव्हॉल फोल्डरात राहतात, त्याची एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर नक्कल करायची सोय सांबात अंगभूत नाही. ती आरसिंकसारखं फाइली नकलणारं साधन वापरून आपण लावायची. ती बंद पडली तर अर्ध्या ऑफिसला जुनी पॉलिसी लागते, अर्ध्याला नवी, आणि कारण सापडेपर्यंत दिवस जातो.

असा एक प्रसंग मी स्वतः अनुभवला आहे, फक्त तो डोमेनचा नव्हता, फाइल शेअरिंगचा होता. एका कंपनीचे शेअर फोल्डर मी सांबावर हलवले. डॉक्युमेंट, स्प्रेडशीट, सगळं सुरळीत. पण तिथे एक जुनं हिशेबाचं पॅकेज होतं, जे शेअर फोल्डरातल्या डेटाफाइली अनेक पीसींवरून एकाच वेळी उघडायचं. विंडोज पीसी फाइलचा काही भाग स्वतःकडे धरून ठेवतो, त्याला ऑपलॉक म्हणतात. या फाइलींसाठी तो बंद करायला हवा होता, मी केला नव्हता. आठवड्यात दोनदा इंडेक्स तुटला. सांबात त्यासाठी एका ओळीची सेटिंग आहे, ती टाकल्यावर त्रास थांबला. पण त्याआधी पॅकेजच्या सपोर्टला फोन केला तेव्हा ‘फाइल सर्व्हर लिनक्स आहे’ एवढं ऐकूनच त्यांनी मदत नाकारली. तो नकार मला अजून आठवतो, कारण चूक माझी असली तरी फटका हिशेबाच्या विभागाला बसला होता. तेव्हापासून मी एक नियम पाळते: ज्या सॉफ्टवेअरवर धंद्याचे पैसे मोजले जातात, त्याचा व्हेंडर ज्या सिस्टीमला लेखी होकार देतो, त्याच सिस्टीमवर ते ठेवायचं. एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवरही अधिकृतपणे चालतो, आणि चांगला चालतो. पण तुमच्या अकाउंटिंगवाल्याने त्यावर कधी चाचणी केली आहे का, हा वेगळा प्रश्न आहे.

म्हणजे विंडोजवाल्याचं कोटेशन बरोबर? अर्धंच. त्यात परवान्यांचा जो हिशेब आहे तो बारकाईने तपासा, कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच फसतात.

विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ पासून प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे त्यातल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवर, मोजला जातो. एका प्रोसेसरमागे किमान ८ आणि एका सर्व्हरमागे किमान १६ कोअरचे पैसे द्यावेच लागतात, आणि त्याहून जास्त कोअर असतील तर सगळ्यांचे. म्हणून हार्डवेअर विकणारा जेव्हा ‘थोड्याशा फरकात २४ कोअरचे दोन प्रोसेसर देतो’ म्हणतो, तेव्हा तो तुमच्या गळ्यात ४८ कोअरचे परवाने बांधत असतो. ४० माणसांच्या या कामाला एकच १६ कोअरचा प्रोसेसर पुरतो. वाचलेले पैसे रॅम आणि चांगल्या एसएसडीत घाला. अकाउंटिंगचा वेग तिथून वाढतो. विंडोज घ्यायचं ठरलं असेल तर परवान्याचं गणित आधी करा आणि सर्व्हरचं मॉडेल त्यानंतर ठरवा.

स्टँडर्ड आवृत्तीत सगळे कोअर एकदा लायसन्स केले की त्या मशीनवर विंडोज सर्व्हरची दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच मशीनच्या आत चालणारे वेगळे सर्व्हर) चालवता येतात. आणखी दोन हवी असतील तर सगळ्या कोअरचे पैसे पुन्हा. डेटासेंटर आवृत्तीत मर्यादा नाही, पण तुम्हाला तिची गरज नाही. या मोजणीत लिनक्सची व्हर्च्युअल मशीन धरली जात नाहीत, ती हवी तेवढी चालवा. आणि ही व्हर्च्युअल मशीन चालवणारा खालचा हायपरव्हायझर दुसऱ्या कोणाचा असला, उदाहरणार्थ डेबियन या लिनक्सवर आधारलेला प्रॉक्समॉक्स, तरी आतल्या विंडोजसाठी सहसा संपूर्ण मशीनच्या कोअरचे पैसे द्यावे लागतात. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये हायपरव्हायझर बनवणारी व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर तिथले कायमस्वरूपी परवाने बंद झाले, त्यामुळे बरेच जण प्रॉक्समॉक्सकडे वळताहेत, आणि त्यात गैर काही नाही. फक्त विंडोजचा खर्च त्याने कमी होत नाही.

त्यानंतर कॅल, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा प्रत्येक उपकरणाचा वेगळा परवाना. तुमच्याकडचे २०१६ चे कॅल २०२५ च्या सर्व्हरला चालत नाहीत. कॅल सर्व्हरच्या आवृत्तीचं किंवा त्यापुढचं लागतं. तुमच्या कोटेशनमध्ये ४० कॅलची ओळ मला दिसत नाही. ती पुढच्या बिलात येईल. माणसं पाळ्यांमध्ये काम करत असतील आणि एकाच पीसीवर तिघं बसत असतील तर उपकरणाप्रमाणे कॅल घ्या, स्वस्त पडेल. प्रत्येकाकडे लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही असतील तर माणसाप्रमाणे. रिमोट डेस्कटॉपवरून अनेकांना काम करायचं असेल तर त्याचे कॅल आणखी निराळे. एसक्यूएल सर्व्हरचा परवाना तर पूर्ण स्वतंत्र आहे. अकाउंटिंगवाला मोफत एक्सप्रेस आवृत्ती वापरत असेल, तर २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. आज तुमचा डेटाबेस केवढा आहे ते बघून ठेवा.

आता दुसरं कोटेशन, ‘खर्च शून्य’वालं. लिनक्सवर माझं प्रेम आहे. माझ्या हातातले निम्म्याहून जास्त सर्व्हर लिनक्स आहेत. म्हणूनच हा शब्द मला खटकतो. परवाना मोफत असणं खरं आहे, पण कंपनीसाठी प्रश्न असा असतो की पुढची ८–१० वर्षं सुरक्षेचे पॅच कोण देणार, आणि त्याने शब्द फिरवला तर काय.

सेंटओएसचंच घ्या, म्हणजे रेड हॅट कंपनीच्या एंटरप्राइज लिनक्सच्या मोफत नकलेचं. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आलं तेव्हा त्याचा सपोर्ट २०२९ पर्यंत धरला जात होता. त्या भरवशावर कंपन्यांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल. सात वर्षांहून जास्त काळ एका फटक्यात गेला, आणि तेव्हाचं सेंटओएस ७ मात्र २०२४ पर्यंत जिवंत राहिलं. म्हणजे जे आधी पुढे गेले त्यांनाच आधी पुन्हा हलावं लागलं. मी त्या वर्षी तीन ठिकाणची मायग्रेशनं केली. तांत्रिक काम अवघड नव्हतं. मालकाला ‘मागच्याच वर्षी केलं ना हे?’ याचं उत्तर देणं अवघड होतं.

त्यातून २०२१ मध्ये सेंटओएसची जागा घ्यायला अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभी राहिली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या एंटरप्राइज लिनक्सचा सोर्स सगळ्यांना सहज मिळण्याची वाट अरुंद केली, तेव्हा अल्माने तंतोतंत नक्कल करण्याचा हट्ट सोडला आणि त्याच प्रोग्रॅमना चालेल अशी सुसंगतता ठेवण्याचं धोरण घेतलं. रॉकी हुबेहूब राहण्यावर ठाम आहे. तुमच्या कामासाठी हा फरक जाणवणार नाही. दोन्ही मी वापरते. पण एखाद्या व्हेंडरच्या कागदावर ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स’ असं छापलेलं असेल, तर सबस्क्रिप्शन घेऊन रेड हॅटच घ्या. ते १० वर्षांचा सपोर्ट देतात, आणि अडलं की फोन उचलणारं कोणीतरी असतं. एसएपी हाना हा डेटाबेस घेणाऱ्यांना तर हा प्रश्नच पडत नाही. ते रेड हॅट आणि सुसे या दोनच लिनक्सवर चालवायला परवानगी आहे.

उबुंटू या लिनक्सची एलटीएस (दीर्घ सपोर्टची) आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, पाच वर्षं मोफत पॅच मिळतात, आणि उबुंटू प्रो घेतलं तर १० वर्षं. विंडोजमधून आलेल्या माणसाला शिकायला मी हीच देते, कारण कोणत्याही अडचणीवर लिहिलेलं सापडतं. डेबियनच्या मागे कंपनीच नाही. १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात, म्हणून कोणी विकत घेऊन धोरण बदलेल ही भीती नाही. साधारण तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि त्यापुढे दोन वर्षं एलटीएस. स्वभावाने सगळ्यात शांत डिस्ट्रो (लिनक्सचा तयार प्रकार). मात्र अडलं तर हाक मारायला करार करून बसलेलं कोणी नसतं, तो करार तुम्हाला बाहेरच्या कोणाशी तरी करावा लागतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तुमचा माणूस लिनक्सकडे नवा आहे. एंटरप्राइज लिनक्समध्ये आवृत्तीचा आकडा जुना दिसतो. रेड हॅट ७ मध्ये अपाची (वेबसाइटची पानं पुरवणारं सॉफ्टवेअर) शेवटपर्यंत २.४.६ च राहिली, म्हणजे २०१३ ची. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून त्याच आवृत्तीत शिवल्या जात होत्या. सुरक्षा स्कॅनर फक्त आकडा बघतात आणि लाल रंगाची लांब यादी देतात. ती बघून घाबरून लोक बाहेरून नवीन अपाची कंपाइल करून बसवतात आणि त्या क्षणापासून ती सांभाळण्याची जबाबदारी स्वतःवर घेतात, जी सहा महिन्यांत विसरली जाते. आधी पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, बघा, त्यात त्या त्रुटीचा सीव्हीई (सुरक्षा त्रुटींना दिलेला ओळख) क्रमांक सापडतो.

तसंच ‘लिनक्स सुरक्षित, विंडोज असुरक्षित’ हे वाक्य कोटेशनमध्ये असेल तर त्यावर काट मारा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर विंडोज मशीन बंद पाडली, पण त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी दोन महिने लावला नाही ते सापडले. दुसऱ्या बाजूला मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या लिनक्सच्या लायब्ररीत मुद्दाम घुसवलेलं मागचं दार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने खणून काढलं. तोवर ते ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांतच होतं. डेबियन स्टेबल किंवा रेड हॅटसारख्या सावकाश चालणाऱ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. धंद्याच्या सर्व्हरवर सावकाश चालणारी डिस्ट्रो का घ्यावी, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. आणि तुमच्या लिनक्सवाल्याने काहीतरी चालत नाही म्हणून एसईलिनक्स (कोणत्या प्रोग्रॅमने कोणत्या फाइलीला हात लावावा हे ठरवणारं सुरक्षेचं कवच) बंद केलं, तर त्याला विचारा, नेमकं काय अडलं. बहुतेक वेळा एखाद्या फोल्डरचं लेबल चुकलेलं असतं आणि एका कमांडचं काम असतं.

फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच मोफत सिस्टीमबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. उत्तम सिस्टीम आहे, तिच्या झेडएफएस या फाइल सिस्टीममुळे अपग्रेड फसला तर रीबूट करून सिस्टीमच्या आधीच्या जपून ठेवलेल्या स्थितीत परत जाता येतं, नेटफ्लिक्सचे व्हिडिओ तिच्यावरून जातात. तुमच्याकडे ती जाणणारा माणूस नाही, म्हणून नको. मॅकओएस सर्व्हर ॲपलने एप्रिल २०२२ मध्ये बंद केलं. एआयएक्स, सोलॅरिस या युनिक्स सिस्टीम ज्यांना लागतात त्यांना ते आधीच माहीत असतं.

तर मी काय करेन ते सांगते.

पहिलं पोर्टल, याच महिन्यात. ते ऑफिसच्या नेटवर्कमधून बाहेर काढा आणि भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर उबुंटू एलटीएस किंवा अल्मा ९ वर नव्याने उभं करा. जुन्या मशीनवर जागच्या जागी अपग्रेड करत बसू नका. खरं काम ऑपरेटिंग सिस्टीमचं नाहीच, पीएचपीचं आहे. सेंटओएस ७ सोबत पीएचपी ५.४ येतं. त्या काळच्या कोडमध्ये मायएसक्यूएलशी बोलणारी जी जुनी फंक्शनं सर्रास असायची, ती पीएचपी ७.० मधून काढून टाकली आहेत. कोड लिहिणाऱ्याला आजच कळवा, कारण वेळ त्याच्याकडे जाणार आहे. पोर्टलची एखादी प्रत कोणी विंडोजवर चालवून बघत असेल तर आणखी एक: विंडोजवर मायएसक्यूएल टेबलांच्या नावांतलं लहान-मोठं अक्षर सारखंच धरतं, लिनक्सवर धरत नाही. घरी चालतं आणि सर्व्हरवर ‘टेबल सापडत नाही’ म्हणतं, ते यामुळे. चित्रांच्या फाइलनावांचंही तेच.

दुसरं, ऑफिससाठी १६ कोअरचं एक मशीन, त्यावर हायपर-व्ही (विंडोजचाच हायपरव्हायझर) आणि विंडोज सर्व्हर स्टँडर्डची दोन व्हर्च्युअल मशीन. एकात फक्त डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यात फाइली आणि अकाउंटिंग. आज ते सगळं एकत्र आहे म्हणून अकाउंटिंगसाठी रीबूट केलं की सगळ्यांचं लॉगिन अडतं. हे वेगळं करणं हा या सगळ्या खर्चातला सगळ्यात मोठा फायदा आहे. डोमेन कंट्रोलर जागच्या जागी अपग्रेड करू नका. नवं मशीन डोमेनमध्ये आणा, जुनं आणि नवं दोन आठवडे सोबत चालू द्या, मग जुन्या कंट्रोलरच्या भूमिका नव्याकडे हलवा. डोमेन फार जुन्या काळापासून चालत आलं असेल तर सिसव्हॉल अजून एफआरएस या नक्कल करण्याच्या जुन्या पद्धतीवर आहे का ते आधी तपासा. विंडोज सर्व्हर २०१९ पासून ती पद्धत चालत नाही, सिसव्हॉल डीएफएसआर या नव्या पद्धतीवर न्यावा लागतो. घड्याळंही एकदा बघा: डोमेनमध्ये लॉगिन तपासणाऱ्या केर्बेरॉसला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि व्हर्च्युअल डोमेन कंट्रोलर यजमान मशीनकडून वेळ घेत असेल तर त्यातून विचित्र घोळ होतात.

त्याच मशीनवर एक छोटं डेबियनही ठेवा. त्यात मॉनिटरिंग चालवा, काही बिघडलं तरी धंदा थांबणार नाही अशी कामं तिथे द्या. तुमच्या विंडोजवाल्या माणसाला शिकायला घरचं मैदान मिळेल, आणि दोन वर्षांनी पोर्टलसाठी बाहेरच्या माणसावर अवलंबून राहावं लागणार नाही.

बॅकअपची एक प्रत अशा जागी हवी, जिथे डोमेनच्या ॲडमिनचा पासवर्ड चालत नाही. पहिल्या महिन्यात अकाउंटिंगचा डेटाबेस रिकाम्या मशीनवर परत आणून बघा आणि हिशेबाच्या विभागाकडून आकडे जुळवून घ्या. किती तास लागले ते लिहून ठेवा.

२०२५ घ्यावं की २०२२? २०२२ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहे, २०२५ चा २०३४ पर्यंत. परवाना २०२५ चाच घ्या. त्यावर जुनी आवृत्ती बसवण्याची मुभा सहसा असते, विक्रेत्याकडून तेवढं लेखी घ्या. प्रत्यक्षात कोणती बसवायची ते अकाउंटिंगचा व्हेंडर ठरवेल. त्याला आज मेल करा: विंडोज सर्व्हरच्या कोणत्या आवृत्तीवर आणि एसक्यूएल सर्व्हरच्या कोणत्या आवृत्तीवर तुमचं सॉफ्टवेअर तपासलेलं आहे, आणि तिथे अडचण आली तर तुम्ही सपोर्ट देणार का? त्या मेलचं उत्तर येईपर्यंत दोन्ही कोटेशनांपैकी कशावरच सही करू नका.